गारपिटीची शक्यता मोजून सांगा, पडलेली गार मोजून ठेवा

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय हवामानशास्त्र विभाग,
मौसम भवन, लोदी रोड, नवी दिल्ली



मी बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातला, हिवरा आश्रमचा शेतकरी. रब्बीत हरभरा असतो, थोडा गहू असतो आणि विहिरीजवळच्या तुकड्यात कांद्याचे बियाणे असते. माघ-फाल्गुनात हरभरा सोंगणीला येतो, गहू ओंबीत दाणा भरतो आणि कांद्याचे पांढरे गोंडे मधमाशांनी गजबजतात. नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे गारपीट होते. त्या दिवसांत आपल्या विभागाकडून आम्हाला काय मिळते आणि काय मिळायला हवे, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते खुले ठेवले आहे, कारण गाऱ्हाणे माझ्या एकट्याच्या वावराचे नाही.

मोबाईलवर संदेश येतो : बुलढाणा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, वादळी वारे आणि गारपिटीची शक्यता. सोबत पिवळा किंवा नारिंगी रंग. साहेब, बुलढाणा जिल्हा साडेनऊ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे आणि त्यात तेरा तालुके आहेत. इथले लोक त्याचे दोन भाग करूनच बोलतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. खाली पूर्णेचे खोरे आणि सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद, संग्रामपूर. वर चिखली, मेहकर, लोणार. दोन्हीकडची जमीन वेगळी, वारा वेगळा, ढग येण्याची दिशाही वेगळी. पण रंग एकच. शिवाय 'तुरळक ठिकाणी' हे आपल्या व्याख्येप्रमाणे किती केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल याचे माप आहे, एक चतुर्थांशापर्यंतचे. माझ्या आसपास गार पडण्याचा संभव शंभरात पाच आहे की चाळीस, हे त्यातून कळत नाही. पाच असेल तर मी हरभरा आणखी दोन दिवस वाळू देईन. चाळीस असेल तर रात्रीच माणसे लावीन, मळणीयंत्र बोलावीन, आणि ते मिळाले नाही तर सुडीवर ताडपत्री टाकून कडा दगडांनी दाबीन.

गारपीट दुरून पाहिलेल्या माणसाला वाटते, बर्फ पडतो आणि विरघळतो. वावरात उभे राहून पाहावे. आधी वारा थांबतो, मग एकदम थंड झोत येतो आणि पत्र्यावर मोजके टणत्कार ऐकू येतात. पुढची दहा मिनिटे काही बोलता येत नाही. थांबल्यावर धुऱ्यालगत पांढरा ढीग साचलेला असतो आणि शिवारभर कांद्याचा उग्र वास सुटलेला असतो, कारण फुलाचे दांडे मध्येच मोडून त्यांतून रस गळत असतो. मोडलेल्या दांड्याला बी धरत नाही, पिकाचा तो हंगाम तिथेच संपतो. हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे मातीत रुतलेले दिसतात. ढिगातली एखादी मोठी गार विळ्याने कापली तर आत दुधाळ गाभा, त्याभोवती काचेसारखे स्वच्छ कडे आणि पुन्हा दुधाळ कडे दिसते. ढगात ती कशी वाढली याचाच तो आलेख. जिथे थेंब आदळताक्षणी गोठले तिथे हवा अडकून थर पांढरा झाला. जिथे पाणी जास्त होते आणि सावकाश गोठले तिथे थर पारदर्शक झाला. लिंबाएवढी गार जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या घरात असतो. शेळी, वासरू, उघड्यावरचा माणूस, कोणीही तिच्या माऱ्यात टिकत नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला गारांनी २४६ माणसे मारली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने एका वेळी घेतलेले ते सर्वाधिक बळी आहेत. म्हणजे गारपिटीचा जागतिक विक्रम आपल्या देशाच्या नावावर आहे.

आमच्या भागाचे म्हणाल तर २०१४ कोणी विसरलेले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात कुठे ना कुठे गारा पडत राहिल्या आणि २८ जिल्ह्यांना फटका बसला. ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बुलढाणा, वाशीम, अकोला, अमरावती हा सगळा पट्टा झोडपला गेला. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर पुन्हा तेच. आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारसला ९ एप्रिल २०२३ च्या रात्री वादळी पावसात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर जुना कडुलिंब कोसळून सात भाविक गेले. मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात होर्डिंग पडून १७ माणसे गेली. वादळ, वीज आणि गार ही एकाच ढगाची कामे आहेत, म्हणून मी ती वेगळी काढत नाही. आमच्या गावात विवेकानंद आश्रमाच्या जयंती महोत्सवाला लाखो माणसे मोकळ्या मैदानात पंगतीने बसतात आणि ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढली जाते. तो सोहळा थंडीतला असतो, पण असेच मेळे चैत्रात, वैशाखातही गावोगावी भरतात. तिथे दोन तास आधी मिळालेला नेमका इशारा म्हणजे माणसांचे जीव.

जगात हे काम कसे चालते ते मी वाचतो, समजून घेतो. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथे वादळांच्या अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र आहे. ते रोज संपूर्ण देशाचा एकच नकाशा काढते आणि त्या नकाशात राज्यांच्या, जिल्ह्यांच्या सीमा आड येत नाहीत. गारा, वारा, चक्रीवात यांच्या शक्यता वेगवेगळ्या टक्क्यांत दिलेल्या असतात : तुमच्या ठिकाणापासून ४० किलोमीटरच्या आत अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी गार पडण्याची शक्यता इतकी. युरोपची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. तिथे २००२ साली हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पदरमोड करून एस्टोफेक्स नावाचा उपक्रम सुरू केला. पोर्तुगालपासून पार पूर्व युरोपपर्यंतच्या खंडासाठी काही स्वयंसेवक पाळीपाळीने अंदाज लिहितात. नकाशावर धोक्याच्या तीन पायऱ्या, आणि खाली सविस्तर मजकूर : ओलावा कुठून येतोय, वरच्या थरातला वारा कसा आहे, ढग कधी उठतील, एकटे राहतील की रांग धरतील, आणि आपली खात्री कुठे कमी पडते. दोन सेंटीमीटरच्या वरची गार ते मोठी मानतात. पुढे २००६ साली युरोपीय तीव्र वादळ प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या नोंदवहीत खंडभरातून गारांच्या नोंदी येतात, जागा, वेळ, आकार आणि नोंद किती तपासलेली आहे यांसह. अंदाज लिहिणारा दुसऱ्या दिवशी ती वही उघडून आपले कुठे चुकले ते पाहू शकतो. एका खंडात अनेक देश, अनेक भाषा, आणि तरी नकाशा एक, वही एक. आपला तर एकच देश आहे आणि एकच विभाग, तोही १८७५ पासूनचा.

आम्हाला कारणे कळणार नाहीत, असे कृपया समजू नका. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे पश्चिमी विक्षोभ येतात, त्यांच्याबरोबर वरच्या थरात थंड हवा आणि जोराचा वारा खाली दक्षिणेकडे सरकतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून खालच्या थरात दमट वारे आत शिरतात, आणि दोन दिशांचे वारे विदर्भ-मराठवाड्यावर एकमेकांना भिडतात. खाली तापलेली दमट हवा, वर गारठा, आणि उंचीबरोबर दिशा व वेग बदलणारा वारा, म्हणजे ढगाला उंच वाढायला आणि टिकून राहायला सगळे जुळून आले. फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी जमिनीपासून चार किलोमीटरच्या आसपास असते, मे महिन्यात ती वर सरकते. म्हणून मे महिन्यातले ढग उंच असूनही बऱ्याच गारा वाटेत वितळतात आणि माघातल्या शाबूत खाली येतात. हे दहावी शिकलेल्या शेतकऱ्याला मराठीत सांगितले तर कळते. 'आज दुपारनंतर ओलावा पोहोचेल, पण ढगांचे आच्छादन टिकले तर ऊन कमी पडेल आणि वादळ उठणार नाही' असे वाक्य अंदाजात असले की मी दुपारी वर पाहून स्वतः ठरवू शकतो, आज जोर वाढतोय की ओसरतोय. सध्याचा रंग मला एवढेच सांगतो की कुणीतरी कुठेतरी काळजीत आहे.

आता रडारचे. मला सगळ्यात जास्त याचीच चिंता वाटते. आमच्यावर नजर ठेवणारे डॉप्लर रडार नागपूरला आहे. नागपूर ते हिवरा आश्रम हवाई अंतर पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरच्या दरम्यान भरते. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते. अर्धा अंश वर रोखलेला किरण दीडशे किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे अडीच किलोमीटर उंचीवर असतो. आमच्या गावावर येईपर्यंत तो सात किलोमीटरच्या आसपास चढलेला असतो आणि पसरून पाच किलोमीटर रुंद झालेला असतो. म्हणजे दिसतो तो ढगाचा वरचा भाग. खालच्या थरांत वारा कसा फिरतोय, थंड झोत कुठे निघालाय, गार पडता पडता वितळते आहे की तशीच खाली येते आहे, यांतले काहीच दिसत नाही. गार आणि पाऊस यांचा भेद ओळखणारी दुहेरी ध्रुवीकरणाची रडारे आता आपल्याकडेही आहेत, पण जिथे किरणच पोहोचत नाही तिथे त्यांचे कसब काय कामाचे? भोपाळ आणि हैदराबाद आम्हाला नागपूरहूनही लांब. छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या रडारविषयी वर्तमानपत्रांत आम्ही अनेकदा वाचले. ते म्हैसमाळला असो, अजिंठ्याच्या रांगेवर असो की आणखी कुठे, आमची गरज एका ओळीत सांगता येते : मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, मंठा, रिसोड हा सगळा पट्टा एखाद्या रडारपासून दीडशे किलोमीटरच्या आत यावा आणि त्याचे दर दहा मिनिटांचे चित्र कोणालाही पाहता यावे. देशात २०२४ साली चाळीसच्या आसपास डॉप्लर रडारे होती, अमेरिकेच्या राष्ट्रीय जाळ्यात दीडशेहून अधिक आहेत. केंद्र सरकारच्या मिशन मौसम योजनेसाठी २००० कोटी रुपये मंजूर झाले, त्यात नवी रडारे आहेत. ती कुठे बसवायची हे ठरवताना विमानतळ आणि महानगरे यांच्याबरोबर गारपिटीचा हा पट्टाही नकाशावर ठेवा.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ पासून, ग्रामपंचायतनिहाय अंदाजही मिळू लागला. या कामाचे मोल मी जाणतो आणि त्यामागच्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण ग्रामपंचायतीच्या अंदाजात तापमान, पाऊस, आर्द्रता, ढग, वारा असतो. गारेचा रकाना नसतो. आणि गारांचा पट्टा कित्येकदा एक-दोन किलोमीटर रुंद असतो. रस्त्याच्या अलीकडचे वावर उद्ध्वस्त आणि पलीकडचे जसेच्या तसे, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. सहा किलोमीटरच्या चौकटीला तो पट्टा दिसत नाही. म्हणून नेमके गाव सांगा, असा हट्ट मी धरत नाही. शास्त्राला जेवढे येते तेवढेच सांगा, पण टक्क्यांत सांगा. तीस टक्के सांगितले आणि गार पडली नाही, तर दहा वेळांपैकी सात वेळा असेच व्हायचे, हे आम्हाला समजते. शेतकरी आयुष्यभर शक्यतेवरच पेरणी करतो.

दुसरी मागणी नोंदीची. माझ्या दृष्टीने ती पहिलीइतकीच मोठी आहे. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. ती पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता मोजतात. गार मात्र मोजत नाहीत. गारपिटीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक पंचनाम्याला येतात, तेव्हा नुकसानीचे हेक्टर लिहिले जातात, पीक ३३ टक्क्यांहून जास्त गेले का ते पाहिले जाते. किती वाजता पडली, किती मिनिटे पडली, सर्वांत मोठी गार केवढी होती, वारा कुठून होता, हे कोणी विचारत नाही. तोवर गारा वितळून गेलेल्या असतात. मग आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला, हे आपल्यालाही कशावरून कळणार? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या बातमीवरून? जिथे वार्ताहर नाही तिथे गारपीट झालीच नाही, असा त्याचा अर्थ होतो. रडारवरच्या खुणेचा कोणता रंग आमच्या भागात किती मोठ्या गारेशी जुळतो, हे ठरवायलाही जमिनीवरचे माप लागते. ओक्लाहोमाचे कोष्टक मेहकरला तसेच्या तसे लागू पडेलच असे नाही.

माप कठीण नाही. आमच्याकडे गार हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी अशी सांगतात. युरोपवाल्यांची मोठी गार सुपारीएवढ्या गारेपासूनच सुरू होते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलीमीटरचे असते. गारेशेजारी ते ठेवून मोबाईलने फोटो काढला की माप झाले, आणि जागा व वेळ फोटोतच नोंदली जाते. फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत स्वयंसेवक याहून साधी युक्ती वापरतात. थर्माकोलसारख्या पाटीवर ॲल्युमिनियमचा पातळ कागद गुंडाळून ती उघड्यावर खांबावर आडवी बांधतात. गारा पडल्या की त्यावर खळगे उमटतात आणि त्या खळग्यांवरून आकार व संख्या काढता येते. रात्री पडली, कोणी पाहिले नाही, तरी पुरावा राहतो. आमच्या गावात कृषी महाविद्यालय आहे. मुले शिकायला येतात ती याच शिवारांतून. शाळा आहेत, कृषी सहाय्यक आहेत, जलसंपदाचे कर्मचारी आहेत, पोलीस पाटील आहेत. गावागणिक एक पाटी आणि एक माणूस, एवढेच लागते. जे लागत नाही तेही सांगतो : नवी इमारत, नवे महामंडळ, उद्घाटनाचा मांडव.

त्या नोंदी मात्र सर्वांना खुल्या हव्यात. आपला पुण्याचा विभाग दर वर्षी आपत्तीजनक हवामानाच्या घटनांचा अहवाल काढतो. त्याच धर्तीवर, पण रोजच्या रोज भरणारी आणि कोणालाही पाहता येणारी गारपिटीची राष्ट्रीय नोंदवही करा. विद्यापीठे तिच्यावर अभ्यास करतील, बियाणे कंपन्या आणि शेडनेटवाले कुठे जाळी घालणे परवडते ते पाहतील, महसूल खात्याला पंचनाम्याला कुठून सुरुवात करायची ते पहिल्याच संध्याकाळी कळेल. आणि प्रत्येक अंदाजाखाली, दोन दिवसांनी का होईना, प्रत्यक्षात काय घडले ते लिहा. चुकलेला अंदाज जो उघड मांडतो, त्याच्यावर माणसे अधिक विश्वास ठेवतात.

विश्वासाचेच बोलायचे तर आमच्या जिल्ह्यातल्या भेंडवळची आठवण करून देतो. अक्षय तृतीयेला तिथे घटमांडणी होते. वावरात घागर, चार महिन्यांची चार ढेकळे, सभोवार अठरा धान्ये. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हजारो शेतकऱ्यांसमोर पावसाचे, पिकांचे भाकीत सांगितले जाते. ते शास्त्र नाही आणि गारपिटीच्या निर्णयासाठी मी त्याच्यावर विसंबणार नाही. पण इतकी माणसे रात्रभर प्रवास करून तिथे का जातात, याचा विचार आपल्या विभागाने करावा. तिथे सांगणारा समोर उभा असतो, आपल्या बोलीत बोलतो आणि कशावरून सांगतो ते सर्वांना दिसते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ठाम भाकितांचे बळही तेच. शास्त्राच्या बाजूने आमच्याकडे असा समोर उभा राहणारा एक माणूस होता. कृषी विज्ञान केंद्रातल्या जिल्हा कृषी हवामान केंद्राचे हवामान तज्ज्ञ फोनवर भेटायचे, गटावर लिहायचे, 'उद्या फवारणी थांबवा' म्हणायचे. २०२४ साली देशभरातली अशी १९९ केंद्रे बंद झाली. सल्ला आता यंत्राने तयार होईल, असे कारण ऐकायला मिळाले. यंत्र सल्ला बनवील, पण माझ्या उलट प्रश्नाला उत्तर देणार नाही आणि आमच्या शिवारातून फोटोही मागवणार नाही. ती केंद्रे पुन्हा सुरू करा. गारपिटीच्या नोंदींचे जिल्ह्याचे काम त्यांच्याचकडे द्या, दोन्ही गोष्टी एकत्र नांदतील.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. कितीही चांगला अंदाज मिळाला तरी माझा उभा कांदा मी झाकू शकत नाही. फुलावर असलेल्या पिकाला ताडपत्री चालत नाही, आणि सगळ्या वावरावर जाळी घालण्याची ऐपत आमच्यापैकी फार थोड्यांची. तेव्हा अंदाज म्हणजे नुकसानभरपाई नव्हे, आणि चांगले अंदाज आले म्हणून कोणी मदतीचा हात आखडता घेऊ नये. पण सोंगलेला हरभरा वाचतो, काढलेली तूर आणि सोयाबीन वाचते, गुरे गोठ्यात येतात, वावरात काम करणाऱ्या बाया झाडाखाली न थांबता वेळेत घरी पोहोचतात. विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपने हे करून दाखवले आहे. घरातली तरुण मुले ते उघडून आईला फोन लावतात, 'निघ आता.'

येत्या फेब्रुवारीपूर्वी दोन कामे होऊ शकतात, त्यांना रडारची वाट पाहावी लागत नाही. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राने फेब्रुवारी ते मे या काळात रोज सकाळी विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश यांचा एकच गारपीट-नकाशा काढावा, शक्यता टक्क्यांत, कारणे मराठीत. आणि गार मोजण्याच्या पाटीचा ठरलेला नमुना आम्हाला पाठवावा : किती जाडीचा थर्माकोल, कोणता कागद, जमिनीपासून किती उंचीवर, झाडापासून किती लांब, आणि पाटी बदलल्यावर जुनी कोणाकडे द्यायची. मेहकर तालुक्यातल्या गावांत त्या पाट्या बांधायला माणसे मिळवून देण्याचे काम मी अंगावर घेतो. नमुना मराठीत आला तर बरे.

कळावे.

आपला,
हिवरा आश्रम येथील एक शेतकरी
ता. मेहकर, जि. बुलढाणा